पान सतरा

चाळीस वर्षांनी आज माझा प्रबंध सापडला,
सफरचंदांच्या पेटीच्या तळाशी,
ओलीने फुगलेला, एका कोपऱ्यावर उंदरांनी चाखलेला.
एकतीस पानं. छपाईचा खर्च आमचाच;
बापाने त्यासाठी एक वासरू विकलं होतं.

मुखपृष्ठावर मी : फिनियस ओल्डहॅम,
फिलाडेल्फिया, अठराशे चार.
आत प्राध्यापकांचे आभार, दीड पान,
इतके वाकून मानलेले
की आज वाचताना कंबर धरली.

विषय : डॉगवुडची साल, पाळीच्या तापावर.
सिंकोना तेव्हा जहाजाने यायची, सोन्याच्या भावाने,
आणि निम्मी भेसळ.
देश नवा होता,
झाडांनीही स्वातंत्र्यात हातभार लावावा
असं आम्हाला वाटायचं.

सकाळी सात, उपाशीपोटी, वीस ग्रेन. नाडी बहात्तर.
पाच मिनिटांनी शहात्तर.
वीस मिनिटांनी ऐंशी, डोकं जड, एक उचकी.
उचकीसुद्धा छापली आहे, पान नऊ.
त्याच वेळी खिडकीखालून
दोरखंडवाल्याची मुलगी गेली होती,
ते छापलेलं नाही.

आकडे एनॉस ट्रंबो मोजायचा, घड्याळ त्याचं.
त्याचा स्वतःचा विषय पिवळा ताप.
हा ताप माणसाचा माणसाला लागत नाही,
असं तो जेवताना ठासून सांगायचा,
आणि सिद्ध करायला
मेलेल्या खलाशाच्या चादरीत तीन रात्री झोपला.
काही झालं नाही त्याला.
तो चौथ्या महिन्यात गेला, नदी ओलांडताना,
बर्फ फुटून.
प्रबंध अर्धाच राहिला. घड्याळ माझ्याकडे आहे,
दिवसाला सहा मिनिटं मागे पडतं.

पान सतरा.
‘एका काळ्या धोबिणीचा मुलगा, वय वर्षे सहा,
एकाआड एक दिवस हुडहुडी.
सालीच्या चूर्णाने चौथ्या दिवशी ताप थांबला.’
आणि खाली :
‘साल मुळाची घ्यावी, खोडाची नव्हे;
पानगळीत काढावी, सावलीत वाळवावी;
ओली दिल्यास पोटात कळा येतात,
असे माझ्या निरीक्षणास आले.’

माझ्या निरीक्षणास.

केझाया आमचे सदरे धुवायची.
मी दिलेली ओली साल तिने हुंगली
आणि न बोलता चुलीत टाकली.
मग फळीवरून एक पुरचुंडी काढली, म्हणाली,
हे घ्या, आधी स्वतः खाऊन बघा, डॉक्टर.
डॉक्टर व्हायला मला अजून पाच महिने होते.
तिचा टोबायस माझ्या औषधाने बरा झालाच नव्हता.
मी पोचलो तेव्हा तो
पायरीवर बसून मक्याची भाकरी खात होता.
मी फक्त नाडी धरली,
ती चांगली होती, ती लिहून घेतली.

परीक्षेच्या दिवशी सातही खुर्च्या भरलेल्या.
एकाने चष्म्यावरून विचारलं,
मुळाचीच का? हे तुम्हाला कळलं कसं?
मी म्हणालो, प्रयोगाने.
त्यांनी मान डोलावली.
एवढ्या एका शब्दावर मी आयुष्यभर पोट भरलं.

आता क्विनीन बाटलीतून येतं, चिठ्ठी चिकटवलेलं.
साल कुणी विचारत नाही.
ज्यांना मी रक्त काढून काढून बरं केलं म्हणायचो
त्यांतले कितीजण मी नसतो तर जगले असते,
हा हिशेब मी रात्रीचा करत नाही,
दिवसा वेळ मिळत नाही.

लेखणी घेऊन पान सतरावर
तिचं नाव घालायला बसलो.
केझाया.
पुढे अडलो. आडनाव मला ठाऊक नाही.
दोन वर्षं तिने माझ्या कॉलरी खळीत घातल्या,
शेवटच्या महिन्याचे पैसे द्यायचे राहिले,
आणि आडनाव विचारायचं सुचलं नाही.

स्वयंपाकघरातून थर्झा ओरडली,
शेगडीला कागद आहे का काही?
मी आभारांचं दीड पान फाडून दिलं.
ओलं होतं ते.
पेटायच्या आधी घरभर धूर झाला.